डी.एल.एड.चे सोळा आठवडे : अक्कलकुव्याच्या शाळेत जाण्याआधी काय तयारी करायची?

बारावीनंतर प्राथमिक शिक्षक व्हायचं ठरवलं की आपल्याकडची मुलं-मुली डी.एल.एड.ला प्रवेश घेतात. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘डी.एड.’च आहे. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात वर्गातली लेक्चरं असतात, सूक्ष्म पाठ असतात, प्रात्यक्षिकांच्या वह्या असतात. पण खरा कस लागतो तो इंटर्नशिपमध्ये, म्हणजे शाळेतल्या आंतरवासितेत. तिथे समोर सहाध्यायी नसतात, सहा-सात वर्षांची खरीखुरी लेकरं असतात. त्यांना तुमच्या गुणांशी काही देणंघेणं नसतं. समजलं तर बघतात, नाही समजलं तर खिडकीबाहेर बघतात.

ही तयारी कशी करायची, हे आपण अक्कलकुव्याच्या संदर्भात समजून घेऊ. अक्कलकुवा म्हटलं की आपल्या लोकांना आधी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम आठवते. 1980 च्या सुमारास मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी ती उभी केली. मौलानांचं 4 मे 2025 रोजी निधन झालं. दीनी तालीमसोबत फार्मसीपासून अध्यापक शिक्षणापर्यंतचे अभ्यासक्रम तिथे चालतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं या गावात येतात. पण जामियाच्या भिंतीबाहेरचा तालुका अनेकांनी पाहिलेलाच नसतो. उत्तरेला सातपुड्याचे डोंगर, त्यापलीकडे नर्मदा, पश्चिमेला लागून गुजरात. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या सुमारे 69 टक्के आहे, आणि साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे त्या वेळी राज्यात सगळ्यात कमी. इथल्या शाळेत शिकवायला उभं राहणं ही साधी गोष्ट नाही. नीट तयारीने गेलात तर मात्र दुसरीकडे वर्षभरात शिकणार नाही ते इथे चार महिन्यांत शिकाल.

नियम काय सांगतात?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 मध्ये जे निकष ठरवले, त्यांनुसार डी.एल.एड.च्या दोन वर्षांत किमान 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. त्यातले 4 आठवडे पहिल्या वर्षी. हे मुख्यतः शाळा पाहण्याचे, अनुभवी शिक्षकांचे तास बघण्याचे. उरलेले 16 आठवडे दुसऱ्या वर्षी, प्रत्यक्ष शिकवण्याचे. आपल्या अध्यापक विद्यालयाचं नेमकं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

हे का सांगतोय? कारण इतर विषयांना 80 टक्के हजेरी चालते, इंटर्नशिपला मात्र 90 टक्के लागते. सरळ हिशोब करू. आठवड्याला सहा दिवस धरले तर 16 आठवड्यांचे 96 दिवस होतात. त्याच्या 90 टक्के म्हणजे 86.4, म्हणजे 87 दिवस तरी शाळेत हजर असलंच पाहिजे. हातात राहतात फक्त नऊ दिवस. मधल्या सुट्ट्या वजा केल्या तर त्याहून कमी. ताप, पाऊस, बंद पडलेली एसटी, सगळं त्या आठ-नऊ दिवसांतच बसवायचं आहे. त्यात चुलत बहिणीचं लग्न, मग वलीमा, मग मामेभावाची मंगनी असं सुरू झालं तर वर्ष हातचं जाऊ शकतं. हे अम्मी-अब्बूंनी आधी समजून घ्यायला हवं.

सगळ्यात मोठी तयारी भाषेची

छात्राध्यापक तयारी म्हणून काय करतात? रंगीत कार्डशीट आणतात, तक्ते बनवतात, पाठ टाचणाची वही सजवतात. ते सगळं लागतं. पण अक्कलकुव्यात पहिली अडचण तक्त्याची नसते, भाषेची असते.

तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात घरोघरी भिली भाषेच्या बोली बोलल्या जातात. कुठे वसावी, कुठे देहवाली, धडगावच्या बाजूला गेलात तर पावरी. खाली मैदानात गुजरी, अहिराणी, बाजारात हिंदी आणि गुजराती. पहिलीत येणाऱ्या मुलासाठी पुस्तकातली मराठी ही जवळपास नवीच भाषा असते. गुरुजी म्हणतात, “चित्र बघ आणि सांग.” मुलाला चित्रातली वस्तू माहीत असते, तिचं नावही माहीत असतं, पण ते नाव त्याच्या बोलीतलं असतं. ते वर्गात चालेल की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून ते गप्प बसतं. आणि नवखा शिक्षक निरीक्षणाच्या वहीत लिहितो : “मुलांचा प्रतिसाद कमी.”

मुलाला येत नाही आणि मुलाला सांगता येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्याला पहिल्या आठवड्यात कळला, त्याची इंटर्नशिप सार्थकी लागली समजा.

आणि खरं सांगायचं तर हा फरक आपल्याला कोणी शिकवायची गरजच नाही. आपण तो घरात जगलोय. रत्नागिरी-रायगडकडच्या मुस्लिम घरांत कोकणी-मराठी बोलतात आणि मूल उर्दू शाळेत जातं. खानदेशात घरची उर्दू वेगळी, पुस्तकातली उर्दू वेगळी, गल्लीत अहिराणी. यावल-रावेरकडच्या तडवी घरांत आणखी वेगळी बोली. “मना”, “तुना” म्हणणाऱ्या मुलाला कोणी हसलं तर ते दिवसभर तोंड उघडत नाही, हे आपल्याला माहीत आहे. दोन-तीन भाषांमधून ये-जा करायची सवय ही आपल्या मुलामुलींची कमजोरी नाही, ती या कामातली त्यांची मोठी पुंजी आहे. ती घेऊन वर्गात जा.

प्रत्यक्षात काय करायचं? एक साधी शंभर पानी वही करा. पहिल्या आठवड्यात मुलांनाच विचारा : याला तुमच्या घरी काय म्हणता? पाणी, भाकर, बकरी, पाऊस, आई, बस, उठ, दे, घे, मोठा, लहान, एक ते दहा. तीस-चाळीस शब्द झाले तरी पुष्कळ. ते देवनागरीत लिहा, मुलांसमोर बोलून दाखवा. तुमचा उच्चार चुकेल, मुलं हसतील, दुरुस्त करतील. त्या क्षणी ती शिक्षक असतात आणि तुम्ही शागिर्द. ज्या मुलाने तुम्हाला एक शब्द शिकवला, ते मूल दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून शब्द घ्यायला तयार असतं.

हे काही मनाचं म्हणणं नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 सांगतो की शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. याच तालुक्यात नर्मदाकाठी, चिमलखेडी-मणिबेलीच्या भागात, नर्मदा बचाओ आंदोलनाने 1990 च्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या, तेव्हा गावातल्या बोलीचा आधार घेऊनच मुलांना मराठीकडे नेलं. आणि त्याच्याही आधी, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नव्हती, कारण कोणी गुरं राखत होतं, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं. मग त्यांनी शाळाच अंगणात नेली, गुरांच्या मागे कुरणावर नेली. ‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ हे शब्द त्या कामातून आले. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने दोन पावलं पुढे यायचं, एवढाच त्याचा अर्थ.

जाण्याआधीच्या पंधरा दिवसांत

शाळेचं नाव कळलं की एकदा जाऊन या. मराठी माध्यमाच्या छात्राध्यापकांना बहुधा जिल्हा परिषदेची मराठी शाळा मिळते, उर्दू माध्यमाच्यांना उर्दू शाळा. रस्ता किती वेळाचा आहे, सकाळची पहिली गाडी कितीला, संध्याकाळी शेवटची कितीला, पावसाळ्यात वाटेत नाला आडवा येतो का, हे बघा. मोलगीकडे घाटातून वर जायचं असेल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत वेळ हाताशी धरूनच निघावं लागतं.

मुख्याध्यापकांना भेटा. चार गोष्टी विचारा : पट किती, शिक्षक किती, कोणत्या इयत्ता एकत्र बसतात, आणि कोणता घटक शिकवायचा राहिलाय. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे छोट्या गावात दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता हे रोजचं चित्र आहे. तुम्ही विद्यालयात एका इयत्तेसाठी पाठ बसवलेला असतो, आणि इथे पहिली-दुसरी एका सतरंजीवर असते. त्यामुळे प्रत्येक टाचणाच्या शेवटी एक ओळ आत्ताच लिहायची सवय लावा : “मी पहिलीला शिकवत असताना दुसरी काय करेल?” पाटीवर बेरीज, चित्र पूर्ण करणं, जोडीत वाचन, काहीही चालेल. पण ते आधी ठरलेलं पाहिजे.

पुस्तकं बालभारतीची ताजी घ्या. 2025-26 पासून पहिलीची पुस्तकं बदलली आहेत, मोठ्या बहिणीच्या वेळची प्रत आता कामाची नाही. उर्दू माध्यमवाल्यांनी त्याच इयत्तेचं मराठीचं पुस्तकही सोबत ठेवावं.

वाचायला एकच पुस्तक न्यायचं असेल तर गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ न्या. शेजारच्या गुजरातमधल्या या शिक्षकाने एका वर्गाची गोष्ट लिहिली आहे. मूळ गुजराती, मराठीतही मिळतं. दोन संध्याकाळींत वाचून होतं.

पाठ टाचण : नक्षी कमी, विचार जास्त

प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन हा साचा सगळ्यांना पाठ असतो. तो चुकीचा नाही. पण टाचण वहीसाठी नाही, वर्गासाठी असतं. एक उदाहरण घेऊ. पहिलीला ‘पाच’ ही संख्या शिकवायची आहे, वेळ 35 मिनिटं.

पहिली पाच मिनिटं मुलांना बाहेरून प्रत्येकी मूठभर खडे, चिंचोके, मोहाची वाळलेली फुलं, जे सापडेल ते आणायला सांगा. पुढची दहा मिनिटं त्यांना त्यांच्या बोलीत मोजू द्या. मोठ्याने, सगळ्यांनी मिळून. तुम्हीही वहीत बघून म्हणा. मग त्याच वस्तू मराठीत मोजा. आता पाच वस्तूंचे ढीग वेगवेगळे करायला लावा : तीन आणि दोन, चार आणि एक, पाच आणि शून्य. इथे मुलाला कळतं की ढीग बदलला तरी पाच पाचच राहतात. यासाठी दहा मिनिटं. त्यानंतर फळ्यावर 5 हा अंक काढा, हवेत गिरवा, पाटीवर गिरवा. शेवटची पाच मिनिटं पडताळणी : “मला पाच पानं आणून दे.” जो चार आणतो, त्याच्यासोबत उद्या पुन्हा बसायचं. त्याचं नाव वहीत.

यात एकही विकतचं साधन नाही. आणि परीक्षक मागे बसले तरी त्यांना दिसतं की या बाईंना किंवा सरांना आपण काय करतोय ते माहीत आहे.

टाचणाच्या मागच्या पानावर रोज तीन ओळी लिहा : आज काय जमलं, कोण मागे राहिलं, उद्या काय बदलणार. चार महिन्यांनी अहवाल लिहिताना हीच पानं उपयोगी पडतील.

पहिला आठवडा : बोलू नका, बघा

पहिल्याच दिवशी फळ्यासमोर उभं राहण्याची घाई नको. वर्गशिक्षक हजेरी कशी घेतात, गोंधळ झाला तर काय करतात, खिचडीच्या वेळी कोण आधी धावतं, कोण डबा नसल्यासारखं एकटं बसतं, हे बघा. वर्गशिक्षकाच्या पद्धतीवर मनातल्या मनात शेरे मारू नका. ते पंधरा वर्षं त्या गावात आहेत, तुम्ही सोळा आठवड्यांचे पाहुणे.

हजेरी कमी-जास्त का होते, हेही समजून घ्या. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, लेकरंही सोबत जातात. होळी हा इथला सगळ्यात मोठा सण. याच तालुक्यातल्या काठीची होळी प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा दिसला तर “पालकांना शिक्षणाची कदर नाही” असं लगेच म्हणू नका. आपल्याकडे ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्गाची काय अवस्था असते, आठवून बघा. परत आलेल्या मुलाला “कुठे होतास इतके दिवस?” म्हणून झापण्याऐवजी “ये, बरं झालं आलास” म्हणा. आणि त्याचा राहिलेला भाग वेगळा घ्या.

छडी, फोटो आणि आपली वागणूक

छडी उचलायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणं किंवा त्याला मानसिक त्रास देणं, दोन्हीला मनाई आहे. “ढ आहेस”, “जंगली” असे शब्दही त्यातच येतात. आपल्या मुलांना शाळेत कोणी त्यांच्या नावावरून किंवा मोहल्ल्यावरून टोमणा मारला तर काय वाटतं, हे आपण जाणतो. मग आपल्या तोंडून दुसऱ्याच्या लेकराला ते जाता कामा नये.

मुलांचे फोटो, व्हिडिओ काढून स्टेटसला टाकू नका. अहवालासाठी फोटो हवा असेल तर मुख्याध्यापकांना विचारून काढा. एकट्या मुलाला बंद खोलीत थांबवून शिकवू नका, दार उघडं ठेवा. यात मुलांचीही सुरक्षितता आहे आणि तुमचीही.

कपडे साधे आणि खाली बसता-उठता येतील असे असावेत. स्कार्फ-ओढणी नीट पिन केलेली असली की फळ्यावर लिहिताना दर मिनिटाला सावरावी लागत नाही. जुम्माच्या नमाजची वेळ किंवा रमजानमधला प्रवास, याबद्दल मुख्याध्यापकांशी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोलून घ्या. आधी सांगितलं तर वेळापत्रकात जागा करता येते. न सांगता निघून गेलात तर तीच गोष्ट बेशिस्त ठरते. रोजा असेल तर जास्त बोलायचे पाठ सकाळच्या तासांना घ्या, दुपारी मुलांना कृती द्या.

घरच्यांसाठी दोन शब्द

मुलीला डी.एल.एड.ला घालताना आपण खूश असतो. पण तिला डोंगरातली शाळा मिळाली की घरात कुजबुज सुरू होते : “जवळची मिळत नाही का? कोणाला सांगून बदलून घेऊ.” काळजी स्वाभाविक आहे. पण काळजीचा इलाज तयारी आहे, बदली नाही. अब्बूंनी किंवा भावाने एकदा सोबत जाऊन शाळा बघावी, वर्गशिक्षकांना भेटावं. त्याच मार्गावर जाणाऱ्या दोन-तीन छात्राध्यापिकांनी एकत्र प्रवास करावा. मुक्कामाची गरज असेल तर विद्यालयाशी बोलून सोय बघावी. आणि संध्याकाळी ती घरी आली की लगेच स्वयंपाकघरात न पाठवता तिला टाचण लिहायला एक तास द्यावा. भावाला मिळतो तसाच.

हे सोळा आठवडे पुढेही साथ देतात. नोकरीच्या वाटेवर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी आहे. पहिली ते पाचवीसाठीचा पेपर 150 गुणांचा असतो. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30 गुण. मूल चुकीचं उत्तर का देतं, याचा प्रश्न तिथे गाइड पाठ करणाऱ्याला अवघड जातो. ज्याने चार आणि पाच पानांतला फरक समजावत मुलाशेजारी दोन दिवस काढलेत, त्याला तो सोपा जातो. शिवाय ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. म्हणजे पहिली ते पाचवीच्या वर्गात डी.एल.एड.वाल्यांची जबाबदारी आणि संधी दोन्ही वाढल्या आहेत.

निघण्याआधी पिशवीत काय ठेवाल? टाचणाची वही, शब्दांची वही, खडूचा डबा, पाण्याची बाटली, छत्री, जेवणाचा डबा, विद्यालयाचं पत्र. आणि शाळेचा शेवटचा दिवस आला की ती शब्दांची वही घरी नेऊ नका. तिची एक नक्कल करून वर्गशिक्षकांकडे ठेवून या. पुढच्या वर्षी जो छात्राध्यापक त्या सतरंजीसमोर उभा राहील, त्याला पहिल्याच दिवशी मुलांना त्यांच्या बोलीत “बस” म्हणता येईल.